‘पबजीने घेतला बळी’ : खेळविषयक वृत्तलेखनातील कर्ता

दिनांक 16 मार्च 2019 रोजी सायंकाळी हिंगोली शहराच्या खटकाळी बायपास परिसरात विशीतील दोन तरुण हैदराबाद–अजमेर गाडीखाली सापडून मरण पावले. त्यावेळी ते लोहमार्गानजीक मोबाईलवर पबजी हा खेळ खेळण्यात गढलेले होते, असे पोलिसांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. वृत्तसंस्थेमार्फत ही वार्ता देशभर गेली, आणि एरवी हळदीचा बाजार, औंढ्याचा नागनाथ किंवा नामदेवांची नर्सी ह्यांच्या निमित्ताने ऐकू येणारा हा जिल्हा चार-आठ दिवस एका परदेशी खेळाच्या नावाला जोडला गेला. त्या काळात अशा घटनांसंबंधी मराठीत एक ठराविक वाक्यप्रकार रूढ झाला होता : ‘पबजीने घेतला बळी’, ‘पबजीच्या नादात जीव गेला’. वाक्ये आटोपशीर आहेत, मथळ्यात सहज मावतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात काही शंका शिल्लक राहू देत नाहीत. त्यांच्या परीक्षणाची आवश्यकता नेमकी ह्या शेवटच्या गुणामुळे उत्पन्न होते.

मराठीतील ‘-ने’ हा प्रत्यय अनेक कामे करतो. ‘रामाने मारले’ येथे तो कर्ता दाखवतो, ‘काठीने मारले’ येथे करण, आणि ‘तापाने मेला’ येथे केवळ कारण. 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोरो केशव दामले ह्यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणापासून आजपर्यंत तृतीयेच्या ह्या अर्थच्छटांची चर्चा होत आली आहे, व विद्यार्थ्यांना ती परिचित आहे. कोणती छटा घ्यावयाची हे पुष्कळदा क्रियापदावरून ठरते. ‘पबजीने मेला’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा ‘पबजीने’ हे तापासारखे एक कारण समजेल, आणि त्याला लागलीच वाटेल की कारणे आणखीही असू शकतील. परंतु ‘घेणे’ हे सकर्मक क्रियापद आणि त्याचे कर्म ‘बळी’ जवळ येताच कारणाचा कर्ता होतो. शिवाय बळी घेणारे कर्ते मराठीत मोजकेच : कोपलेली देवता, पटकीची साथ, पुराची नदी, अलीकडे रस्त्यावरचा खड्डा. ह्या पंक्तीत बसविला गेल्यावर खेळ हा माणसांनी रचलेला, माणसांनी विकलेला आणि माणसांनी खेळावयाचा पदार्थ उरत नाही. तो अंगावर येणारे संकट होतो, आणि संकटाचे परीक्षण कोणी करीत नाही. खेळणारा तर वाक्यात कर्म म्हणूनही शिल्लक राहत नाही, कारण ‘बळी’ ह्या शब्दात तो विरघळून जातो. पोलिसी दप्तरात अशा घटनेला ‘अकस्मात मृत्यू’ म्हणतात. हा शब्दप्रयोग रूक्ष खरा. परंतु त्यात निदान कोणावर ठपका ठेवण्याची घाई नाही.

ह्याच्या उलट ‘खेळणे’ हे क्रियापद स्वतः फार मानी आहे. सकर्मक असूनही भूतकाळात ते कर्त्याला तृतीयेत जाऊ देत नाही : ‘तो डाव खेळला’, ‘ती पबजी खेळली’. खेळणारा प्रथमेत राहतो आणि क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. बोलीत ‘त्याने पबजी खेळली’ असेही ऐकू येते, पण रूढ प्रयोग पहिलाच. म्हणजे भाषेच्या घडणीत खेळणाऱ्याला जे स्थान आहे, ते वृत्तलेखनाने त्याच्याकडून काढून घेतले आहे.

‘नाद’, ‘वेड’ आणि ‘व्यसन’ हे शब्द वृत्तलेखक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. ते समानार्थी नाहीत. ‘नाद’ कुस्तीचा असतो, भजनाचा असतो, तमाशाचाही असतो. त्यात निंदा व कौतुक शेजारी शेजारी नांदतात. ‘व्यसन’ हा शब्द मात्र आज वैद्यकाच्या परिभाषेशी जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळविकाराला रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्थान दिले. ती आवृत्ती मे 2019 मध्ये स्वीकृत होऊन 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली. तेथे खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, आणि अनिष्ट परिणाम दिसूनही खेळ चालू राहणे ही लक्षणे सांगितली असून ती सामान्यतः बारा महिने दिसावीत अशी अपेक्षा आहे. एका संध्याकाळच्या खेळावरून ‘व्यसन’ हा निर्णय देता येत नाही.

पण शब्दयोजनेच्या ह्या दोषांपेक्षा मोठी उणीव निराळी आहे. हिंगोलीच्या वार्तेनंतर पबजीविषयी मराठीत जे विपुल लिहिले गेले, त्यात हा खेळ म्हणजे नेमके काय, हे सांगणारे लेखन शोधूनही क्वचित सापडते. वृत्तपत्राचे क्रीडापान क्रिकेटसाठी राखीव. नवा खेळ बाजारात आला की त्याची किंमत आणि लागणारा मोबाईल तंत्रज्ञानाच्या पानावर छापून येतात, तेही बहुधा इंग्रजी मजकुराच्या छायेत. अपघात झाला की तोच खेळ गुन्हे-अपघातांच्या पानावर जातो. नाटक, चित्रपट आणि ग्रंथ ह्यांचे परीक्षण ज्या पानावर होते, तेथे त्याला प्रवेश नाही.

असे परीक्षण झाले असते तर त्यात पहिली गोष्ट ही आली असती की पबजीचा डाव मध्येच थांबविता येत नाही. शंभरापर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, आणि सुरक्षित वर्तुळ उत्तरोत्तर आक्रसत जाऊन त्यांना एकमेकांसमोर आणते. अखेरपर्यंत उरेल तो, किंवा तो चमू, विजयी. एक डाव सुमारे अर्धा तास चालतो. प्रतिस्पर्धी व सोबती हे खरे, दूर कोठे तरी बसलेले लोक असल्यामुळे आणि सर्वांचा डाव कंपनीच्या सर्व्हरवर एकाच वेळी चालत असल्यामुळे एकट्याला ‘थांब’ म्हणण्याची सोय नाही. चौघांच्या चमूतील एकाने डाव सोडला तर तिघे अडचणीत येतात. पावलांचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे ऐकण्यासाठी सराईत खेळाडू कानांत इयरफोन घालतात. अर्थात बाहेरचे आवाज तेवढे दुरावतात. पुस्तकात खूण ठेवून उठता येते, सोंगट्यांचा पट झाकून ठेवता येतो. येथे तसे नाही. त्या संध्याकाळी हिंगोलीत काय घडले ह्याविषयी ह्यावरून अनुमान काढणे उचित होणार नाही. परंतु आई जेवायला हाक मारते आणि मुलगा ‘दोन मिनिटं’ म्हणतो, तेव्हा त्याच्या उत्तरात हट्टाचा भाग किती आणि खेळाच्या रचनेचा किती, हे समजण्यास एवढी माहिती अवश्य आहे. ‘वेड’ म्हटले की ती माहिती मिळविण्याचे श्रम वाचतात.

बंदीच्या वार्तांतही हाच गोंधळ पुढे चालू राहिला. केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी एकशे अठरा ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पबजी होते. आदेशाचा आधार देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता हा होता. मुलांचा अभ्यास किंवा झोप ह्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही घरोघरी ती वार्ता ‘सरकारने शेवटी ऐकले’ अशाच अर्थाने वाचली गेली. 2 जुलै 2021 रोजी तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया ह्या नावाने परत आला, 28 जुलै 2022 रोजी दुकानांतून उतरविला गेला, आणि मे 2023 च्या अखेरीस पुन्हा आला. नामांतराचा बोलीवर फारसा परिणाम झाला नाही. ‘बीजीएमआय’ ही चार सुटी अक्षरे तोंडात बसली नाहीत. ‘पबजी’ मात्र बसला होता, आणि त्याची घडण मोठी विलक्षण आहे : पहिली तीन रोमन अक्षरे मिळून एक अवयव, चौथे अक्षर तेवढे अक्षर म्हणून उच्चारलेले, आणि योगायोगाने तेच आपल्याकडे आदरार्थी ‘जी’.

‘गेमिंग’ ह्या एकाच शब्दाखाली पबजी आणि पैसे लावून खेळावयाची रमी ह्यांना एकत्र कोंबण्याची सवयही अशीच घातक. न्यायालयांनी कौशल्याचा खेळ आणि दैवाचा खेळ असा भेद दीर्घकाळ पाळला. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमीला पहिल्या वर्गात घातले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता तो भेद बाजूस सारला आणि ई-स्पोर्ट्सना निराळे स्थान दिले. म्हणजे कायद्याने केलेले वर्गीकरण वृत्तभाषेपेक्षा सूक्ष्म ठरले. त्याच्या आदल्याच महिन्यात कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधानपरिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याच्या आरोपाची चित्रफीत प्रसृत झाली. त्यांनी आरोप नाकारला, आणि महिनाअखेर त्यांच्याकडील कृषिखाते जाऊन क्रीडाखाते आले. ‘खेळ’ आणि ‘क्रीडा’ ह्या शब्दांवर कोट्या करण्याची एवढी आयती संधी वृत्तलेखकांना क्वचितच मिळते.

पबजीच्या भारतीय अवतारात एक भाषिक फेरफार करण्यात आला होता. ‘किल’ ह्या शब्दाच्या जागी ‘फिनिश’ आला, आणि रक्ताचा तांबडा रंग पालटून हिरवा झाला. मुलांच्या कानांवर मरणाचे शब्द पडू नयेत, ही त्यामागील भावना दिसते. मराठी मुलांच्या बाबतीत ती अनाठायी आहे. हुतूतूमध्ये गडी बाद होत नाही, ‘मरतो’, आणि प्रतिपक्षाचा गडी मेला की आपला मेलेला गडी ‘जिवंत’ होतो. महाराष्ट्रात कबड्डीचे जे जुने प्रकार होते त्यांतील ह्या प्रकाराचे नावच ‘संजीवनी’. जेथे मेलेला गडी सगळा संघ मरेपर्यंत परत येत नाही तो ‘गामिनी’, आणि जेथे मरूनही गडी मैदानातच राहतो तो ‘अमर’. एकनाथ व तुकाराम ह्यांनी हुतूतूवर रूपके रचली ती ह्याच शब्दसंपत्तीच्या बळावर. खेळातील मरण हे परत येण्यासारखे मरण असते, हे मराठी मुलाला मोबाईल येण्याच्या कित्येक शतके आधीपासून ठाऊक आहे. ‘मी मेलो, मला रिव्हाइव्ह कर’ असे तो सोबत्याला ओरडून सांगतो तेव्हा त्याला शब्दांचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो प्रौढांच्या भाषेत, जेथे खऱ्या हत्येला ‘गेम केला’ म्हणतात आणि खऱ्या मृत्यूवर ‘खेळ संपला’ असा मथळा देण्याचा मोह पडतो.

‘रिव्हाइव्ह’ला ‘संजीवनी’ हा शब्द तंतोतंत लागू पडत नाही. कबड्डीत प्रतिपक्षाचा गडी मारल्याशिवाय आपला जिवंत होत नाही. पबजीत घायाळ सोबत्याजवळ जाऊन, स्वतः उघड्यावर येऊन, काही क्षण थांबावे लागते. पहिल्यात जीव जिंकून मिळतो, दुसऱ्यात तो सोबत्याने धोका पत्करल्यामुळे वाचतो. हा फरक ज्या लेखात नोंदविला जाईल, तो ह्या खेळाचे मराठीतील पहिल्या काही परीक्षणांपैकी एक ठरेल.