ठेक्याचा उच्चार : उपनगरांतील तालवादक आणि शैलीचा प्रश्न

आपल्याकडील संगीतसमीक्षेत तालवादकाच्या वाट्यास येणारे वाक्य बहुधा शेवटचे असते. गायकाच्या रागविस्ताराचे, तानक्रियेचे, बंदिशींच्या निवडीचे सविस्तर विवेचन झाल्यावर ‘तबल्यावर अमुकांनी समर्पक साथ केली’ एवढे लिहून समीक्षक लेखणी खाली ठेवतो. ‘समर्पक’ या विशेषणाचा अर्थ त्यास कोणी विचारीत नाही. विचारला तर सांगता येईल असेही वाटत नाही. चित्रपटसंगीताच्या बाबतीत तेवढेही वाक्य नाही. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ढोलकवादकाचे नाव क्वचितच छापलेले असे. ज्याच्या हातांवाचून आपल्या संगीताचे बहुतेक प्रकार उभे राहत नाहीत त्याच्या शैलीविषयी बोलण्यास समीक्षकापाशी परिभाषा नसावी, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकास विशेष अस्वस्थ करणारी आहे. कारण ती परिभाषा बव्हंशी आपल्याच शास्त्रात तयार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासास मुंबईच्या उपनगरांइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नसावे. अंधेरीच्या ध्वनिमुद्रणगृहात सकाळी ढोलक वाजविणारा वादक सायंकाळी एखाद्या भजनात वा गझलेच्या मैफलीत तबल्यावर असतो. गणेशोत्सवात तो बेंजो पथकात दिसतो आणि नवरात्रात घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथील गरब्यात नऊ रात्री वाजवितो. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, धर्म, कला, जन व संगम अशा सहा कोटी कल्पिल्या. ही विभागणी संगीतापुरती फार उपयोगाची आहे. परंतु व्यावसायिक तालवादकाचा आठवडा तीतील कोणत्याही एका कोटीत मावत नाही. अशा वादकाविषयी जाणकारांत एक ठराविक अभिप्राय ऐकू येतो : ‘हात बिघडला.’ या तक्रारीत तथ्य किती आणि पूर्वग्रह किती, हे पाहावयाचे तर हात बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी सांगता आले पाहिजे.

तबल्याच्या बोलांची रचना पाहिली म्हणजे त्यांच्या आड एक वर्णव्यवस्था आहे हे ध्यानात येते. डग्गा खुला घुमत असला की बोल सघोष येतो : धा, धिं, घे, गे. डग्गा मिटला की तो अघोष होतो : ता, तिं, के, कत्. ‘न’ हा वर्ण घोष असूनही डग्ग्याविना वाजतो; परंतु अनुनासिकांत घोष-अघोष हा भेद आपल्या भाषेतही अर्थभेदक नाही, तेव्हा हा अपवाद नियमाला पोषकच ठरतो. ज्यास आपण ‘खाली’ म्हणतो तो भाग म्हणजे ‘भरी’चे अघोषीकरण होय. त्रितालाच्या रूढ ठेक्यात मौजेची गोष्ट अशी की, खालीची खूण नवव्या मात्रेवर होते, पण ‘धा तिं तिं ता’ असे म्हणणाऱ्यांच्या पाठात नवव्या मात्रेवर सघोष ‘धा’च असतो, अघोष बोल दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत चालतात आणि चौदाव्या मात्रेस ‘धिं’ येऊन घोष परत येतो. म्हणजे हाताची खूण आणि कानास जाणवणारा फरक यांत एका मात्रेचे अंतर पडते. सम येण्यापूर्वी तीन मात्रा डग्गा बोलू लागतो, म्हणूनच श्रोत्याची मान न मोजताही समेवर हलते.

दुसरी गोष्ट. बोल आणि आघात यांचा संबंध एकास एक असा नाही. चाटेवरील एकाच आघातास प्रसंगपरत्वे ‘ना’ म्हणतात आणि ‘ता’ही म्हणतात, उलट एकच ‘तिरकिट’ वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या बोटांनी निघते. मग ‘ति’नंतर ‘र’ आणि ‘कि’नंतर ‘ट’ का? तर जलद लयीत एकच वर्ण जिभेला पुनःपुन्हा उच्चारता येत नाही. उच्चारस्थान बदलत राहिले तरच पढंत शक्य होते. तेव्हा बोल हे बोटांचे वर्णन जितके आहेत तितकीच ती जिभेची सोय आहे. तबलजी आधी म्हणतो आणि मग वाजवितो, या प्रसिद्ध क्रमाचे महत्त्व येथे आहे.

इतके सर्व लिपीत उतरते. जे उतरत नाही ते डग्ग्यावरील मनगटाचे काम. मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा नाद चढतो-उतरतो; ही घसीट म्हणजे ठेक्याची सुरावली होय. ‘तो आला’ हे दोन शब्द विधान आहेत की प्रश्न, हे वर्णांवरून कळत नाही, सुरावरून कळते. तद्वत् ‘धा गे ना ति न क धि न’ या आठ बोलांत भजन आहे की नाच आहे, हे कागदावरून सांगता येत नाही. पं. निखिल घोष यांनी १९५६ साली स्थापन केलेली व पुढे जुहूस स्थिरावलेली संगीत महाभारती ही संस्था उपनगरांतील तालशिक्षणाचे एक प्रमुख केंद्र. अहमदजान थिरकवा व अमीर हुसेन खाँ यांसारख्या गुरूंजवळ शिकलेल्या घोषांनी १९६८ साली राग-तालांसाठी नवी लेखनपद्धती मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. हा प्रयत्न मोलाचा आहे. तथापि कोणत्याही लेखनपद्धतीप्रमाणे तीही वर्ण व मात्रा जितक्या चोख टिपते तितकी सुरावली टिपीत नाही. हा दोष घोषांचा नव्हे. देवनागरीने तरी मराठीचा हेल कोठे टिपला आहे?

मात्रांच्या हिशेबाने पाहिले तर निरनिराळ्या संगीतप्रकारांतील अंतर आश्चर्य वाटावे इतके कमी भरते. मा. त्रिं. पटवर्धन यांनी ‘छंदोरचने’त जातींची जी व्यवस्था लावली तीत पद्मावर्तनी आठ मात्रांची, भृंगावर्तनी सहांची, अग्न्यावर्तनी सातांची, हरावर्तनी पाचांची. केरवा, दादरा, रूपक आणि झपतालाचे अर्धे आवर्तन यांच्याशी ही व्यवस्था सरळ जुळते. (सुरेश तळवलकर यांनी आपल्या तालविषयक मराठी ग्रंथास ‘आवर्तन’ हेच नाव दिले आहे, हे पद्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.) भजनी ठेका आठांचा, लावणीच्या ढोलकीचे पुष्कळ काम आठांचे, चित्रपटगीतांचा मोठा भाग आठांचा. दादरा सहांचा आणि गरब्याची हींचही सहांचीच. तेव्हा प्रकार बदलला म्हणजे वादकाला नवे गणित शिकावे लागते, हा समज बाजूस ठेवावा. बदलतो तो बलाघात, आणि घोष किती वेळ टिकू द्यावयाचा त्याचे प्रमाण. भजनी ठेक्यात डग्ग्याची आस पुढील बोलापर्यंत वाहू देतात. ढोलकीच्या फडात शाईचा उंच, कोरडा बोल पुढे येतो आणि धुमाचा नाद चटकन आवरला जातो.

दत्ताराम वाडकर यांचे उदाहरण येथे निर्णायक वाटते. गोव्याहून आलेला हा कलावंत शंकर-जयकिशन यांच्याकडे तालविभाग सांभाळीत असे. पुढे ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) व ‘परवरिश’ (१९५८) या चित्रपटांना त्याने स्वतः संगीत दिले. ढोलकवरील त्याचा एक ठेका वादकांत आजही ‘दत्ताराम ठेका’ या नावानेच ओळखला जातो. तालाला देवतेचे, प्रांताचे वा मात्रासंख्येचे नाव मिळते. हयात वादकाचे नाव मिळणे विरळा. कागदावर हा ठेका केरव्याचाच एक प्रकार आहे. नवे आहे ते वजन कोठे टाकावे आणि कोठे काढून घ्यावे, एवढेच. तरीही दोन आवर्तने ऐकताच वादक मंडळी तो ओळखतात, जसा आपण एखादा माणूस कोठला हे त्याच्या पहिल्या वाक्याच्या हेलावरून ओळखतो. शैली म्हणून ज्यास म्हणावयाचे ते हेच.

थिरकवांचीही साक्ष याच बाजूची आहे. हा थोर एकलवादक अनेक वर्षे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांची साथ करीत होता. नाट्यपदात शब्द मुख्य. तेथे कायदे-रेले मांडून चालत नाही. पुढे त्यांना १९७० साली पद्मभूषण मिळाले आणि १९७६ साली ते निवर्तले, तोवर त्यांचे स्वतंत्र वादन हा तबल्याचा मानदंड मानला जात होता. नाटकाने त्यांचा हात बिघडविला असे म्हणण्यास कोणी धजत नाही. मग हाच निकष अंधेरीच्या ढोलकवादकास का लावू नये? प्रस्तुत लेखकास तर त्यांच्या एकलवादनातही, बोलांना श्वास घेण्यापुरती जागा ठेवण्याची जी सवय ऐकू येते, तिच्यात रंगभूमीचा वाटा असावा असे वाटते.

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत दोन साक्षरता शेजारी बसत. गोव्याचे ख्रिस्ती वादक व कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी यांच्यासारखे पारशी वादक पाश्चात्त्य स्वरलिपीच्या जगातले. तबला-ढोलकवाले बोल तोंडी घेणारे. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ सालच्या ग्रंथात या वादकवर्गाचे जीवन तपशिलाने आले आहे. एकाच गाण्यात ड्रमवादक कागद पाहून वाजवितो आणि ढोलकवादक ऐकून, आणि तरी ठेका एक ऐकू येतो, हा द्विभाषिकतेचा असा नमुना आहे की समाजभाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यावर एक प्रबंध लिहावा.

सर्वच प्रयोग साधतात असे मात्र नाही. अल्लारखाँ हे स्वतः ए. आर. कुरेशी या नावाने चित्रपटांना संगीत देणारे. त्यांची व अमेरिकन जाझ-ड्रमवादक बडी रिच यांची १९६८ सालची ध्वनिमुद्रिका ऐकताना दोन विद्वान आपापल्या भाषेत बोलत आहेत आणि दोघेही सौजन्यपूर्वक मान डोलावीत आहेत, असा भास होतो. त्यांचे पुत्र झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांचे ‘शक्ती’तील काम त्यापुढचे आहे : तेथे ते दुसऱ्याचे वाक्य मध्येच उचलून पुरे करतात, आणि हे अनुवादापेक्षा अवघड काम आहे. त्रिलोक गुर्टू यांनी बैठकच मोडली. ड्रमवादकाचे आसन सोडून ते अर्धवट गुडघ्यांवर बसून तबला व पाश्चात्त्य ड्रम एका घोळक्यात घेतात, पाण्याच्या बादलीत झांजा बुडवितात. हेल मात्र तबल्याचाच राहतो. सर्वांत उद्बोधक प्रयोग मला तौफिक कुरेशी यांचा वाटतो. जेंबे या आफ्रिकी वाद्याला डावे-उजवे असे दोन भाग नाहीत, चामडे एकच. त्यावर तबल्याचे बोल आणावयाचे म्हणजे घोष-अघोषाचा जो भेद दोन भांड्यांत वाटलेला होता, तो एकाच चामड्याच्या मध्य व काठ यांत वाटावा लागतो. ही वर्णव्यवस्थेची पुनर्मांडणी आहे, आणि ती बोल पाठ असणाऱ्यासच सुचू शकते. काही वेळा जलद बोलांचा हव्यास तेथे नादाला पातळ करतो, हेही नमूद केले पाहिजे.

आता हाताच्या ‘बिघडण्या’कडे वळू. जो वादक केरव्याचे सर्व प्रकार एकाच वजनाने वाजवितो, ज्याच्या भजनात आणि लावणीत डग्गा सारखाच वाजतो, त्याच्याविषयी ही तक्रार खरी आहे. पण ती चार प्रकार वाजविल्याची तक्रार नव्हे, चारांना एकच उच्चार दिल्याची आहे. तिचे मूळही हातापेक्षा व्यवसायाच्या साधनांत अधिक सापडते. १९८५ साली रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड बाजारात आणला. पुढील दशकात संगणकावर मुद्रित ठेके आले आणि तालविभागात जेथे पूर्वी वादकांचा ताफा बसत असे तेथे एक-दोन माणसे उरली. पॅडवर ‘धा’ उमटतो तो एकदा मुद्रित केलेला ‘धा’. जोर कमी-अधिक होतो, सुरावली बदलत नाही. गायकाने श्वास लांबविला तर जिवंत वादक डग्ग्याची आस लांबवितो. मुद्रित ठेक्यास ते कळावे कसे? या साधनाने शब्दकोश तेवढा घेतला आणि हेल टाकून दिला. ज्यांचे पोट त्यावर चालते त्यांनी पॅड नाकारावा असे म्हणणे हा आपल्यासारख्या वेतनदार मंडळींचा उद्धटपणा होईल. तरीही वादकच यातून कसा मार्ग काढतात ते पाहण्यासारखे आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी ध्वनिक्षेपकास रात्री दहाची मर्यादा घातली, ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते ती मोजक्याच दिवशी. त्यामुळे गरब्याची रात्र आखूड झाली आहे. तेवढ्या वेळात मुलुंड-बोरिवलीच्या मैदानांवरील अनेक वाद्यवृंद थाप आणि झांजा पॅडवर सोपवितात, पण हींच सुरू झाली की शेजारी खरा ढोल वा ढोलक ठेवतात, आणि डावा हात त्याच्यावरच असतो.