रुग्णाची विभक्ती

मानसिक व सामाजिक आरोग्यसेवांच्या विद्यापीठीय अध्ययनाची चर्चा बहुधा अभ्यासक्रम, क्षेत्रकार्य आणि नोकऱ्या यांच्यापुरती होते. ज्या भाषेत हे अध्ययन चालते तिचा विचार सहसा होत नाही.

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. १९४४ मध्ये त्याला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले व १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा. मनोवैद्यकीय समाजकार्य आपल्याकडे विद्यापीठीय विषय म्हणून रुजले, त्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. तो मान्य करूनच पुढील आक्षेप नोंदवावयाचा आहे. तेथे हे शास्त्र इंग्रजीत शिकविले जाते. विद्यार्थी ज्याच्यासमोर जाऊन बसतो तो रुग्ण मात्र पुष्कळदा मराठीत बोलतो.

पारिभाषिक शब्दांची उणीव ही येथील खरी अडचण नव्हे. ते काम समित्या करितातच, आणि पुष्कळदा नको इतके करितात. अडचण वाक्यरचनेत आहे. 'मला भीती वाटते', 'मला काही सुचत नाही', 'तिला वेड लागले' या वाक्यांत दुःख भोगणारा माणूस चतुर्थीत आहे. दुःख त्याला वाटते, होते, लागते. आणि लागलेले सुटूही शकते. हेच निवेदन नोंदवहीत उतरते तेव्हा 'रुग्ण चिंताग्रस्त आहे' असे होते. 'ला' गेला, माणूस प्रथमेत आला, आणि त्याच्यावर ओढवलेली घटना त्याचा गुणधर्म ठरली.

'करमत नाही' या शब्दाची हानी तर याहून मोठी. करमणे हे स्थळाशी व सोबतीशी बांधलेले क्रियापद आहे. गाव सोडून मुलाकडे मुंबईस आलेला वृद्ध 'मला इथे करमत नाही' म्हणतो, तेव्हा त्या 'इथे'मध्येच त्याच्या व्यथेचे सामाजिक कारण असते. नोंदीत 'औदासीन्य' लिहिले की ते कारण पुसले जाते. आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यास हवे होते ते नेमके तेच.

मराठी भाषा फार सहृदय आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. 'तो वेडा आहे' हेही मराठीच. ठाणे व येरवडा या गावांची नावे तर आपण चेष्टेसाठी सर्रास वापरीत आलो. तरीही कायद्याच्या भाषेशी तुलना करून पाहावी. १९१२ च्या अधिनियमात सरळ 'वेडा' होता. १९८७ मध्ये 'मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती' आली. २०१७ च्या अधिनियमात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती'. माणूस आणि आजार यांना वेगळे करावयास कायद्याला शंभरावर वर्षे लागली. 'तिला वेड लागले' म्हणणाऱ्या आजीच्या वाक्यात ते पूर्वीपासून वेगळेच होते.

म्हणून सूचना एवढीच: निदानाच्या वर रुग्णाचे पहिले वाक्य, त्याच्याच शब्दांत व त्याच्याच विभक्तीत, लिहून ठेवण्याचा पाठ क्षेत्रकार्याच्या पहिल्या सत्रात असावा, आणि तो शिकविण्यास भाषाशास्त्र विभागातील कोणास तरी बोलवावे.