मैदा मावेल तेवढा

मराठी समीक्षकांनी नवकवितेपासून वगनाट्यापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला, पण एका वाङ्मयप्रकाराला अजून कोणी धड हात लावलेला नाही. तो म्हणजे पाककृती. वास्तविक पाककृतीचा वाचक जितका तन्मय होऊन वाचतो, तितका कादंबरीचा वाचत नाही. कादंबरी वाचताना कोणी मध्येच उठून गॅस बारीक करत नाही. शिवाय कादंबरी फसली तर लोक लेखकाला नावं ठेवतात. पाककृती फसली तर वाचकाला. इतका सुरक्षित लेखक दुसऱ्या कुठल्या वाङ्मयात सापडायचा नाही.

मी बी.कॉम., बँकेत कारकून. म्हणजे समीक्षेचा अधिकार मला नाही. पण आकडे जुळतात की नाही हे बघण्याचाच वीस वर्षं पगार घेतोय. त्या जोरावर गेल्या दिवाळीत मी नानकटाई या एकाच पदार्थाच्या उपलब्ध वाङ्मयाचा अभ्यास केला. साधी नानकटाई नव्हे. काजू-बदामाचा भरडा घातलेली, वर पिस्त्याचा काप टोचलेली, आमच्या आईची.

नावापासूनच घोटाळा. हिच्यात खटाई औषधालासुद्धा नाही. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘खताई’चा संबंध कोणी चीनच्या जुन्या नावाशी लावतात, कोणी म्हणतात सहा जिन्नस म्हणून. सुरतेत डच लोकांची बेकरी होती, ती पुढे एका पारशी गृहस्थाकडे आली, पाव खपेनात तेव्हा त्यानं हे खुसखुशीत प्रकरण काढलं, अशी हकीकत सांगतात. खरी असो वा नसो, बाई एवढा प्रवास करून आमच्या फराळाच्या ताटात चकलीशेजारी येऊन बसल्या आणि त्यांना कोणी गोत्र विचारलं नाही, हे विशेष.

आता शैली. पाककृती संपूर्ण विध्यर्थात लिहिलेली असते. घ्यावे, फेसावे, मळावे, भाजावे. इतका विध्यर्थ मी फक्त आमच्या हेड ऑफिसच्या सर्क्युलरमध्ये पाहिला आहे, आणि तिथंही करणारा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. विशेषणं तर विचारूच नका. ‘गुलाबीसर रंगावर भाजावे.’ आमच्या घरी आजवर एकही पदार्थ गुलाबी झालेला नाही. बराच वेळ पांढरा, आणि पाठ फिरवली की काळा. एका दिवाळी अंकात वाचलं, ‘तूप इतके फेसावे की त्याचा थेंब पाण्यावर तरंगला पाहिजे.’ मी थेंब टाकला. तरंगला. मग न फेसलेल्या तुपाचा टाकला. तोही तरंगला. तूप पाण्यावर तरंगतंच हो! हा नियम बाईंनी उडदाच्या पिठावरून उचलून तुपाला लावलेला. आमच्याकडे याला चुकीच्या खात्यात जमा म्हणतात. खरी खूण साधी आहे: परातीत तळहातानं फेसताना तूप पिवळटाचं पांढरं होतं आणि हाताला हलकं लागतं.

आणि ज्या गोष्टी लिहायलाच हव्यात त्या नेमक्या गाळलेल्या. काजू मिक्सरमध्ये सलग फिरवले की तेल सुटून त्यांचा लगदा होतो, म्हणून चमचाभर साखर घालून थांबत थांबत फिरवायचे, हे मला तीनशे ग्रॅम काजू गमावल्यावर कळलं. नानकटाई भट्टीतून निघते तेव्हा मऊच असते, गार झाल्यावर खुटखुटीत होते, हेही कोणी सांगत नाही. वाचक बोट लावून बघतो, ‘कच्ची आहे’ म्हणतो आणि पुन्हा आत सारतो. महाराष्ट्रातल्या निम्म्या करपलेल्या नानकटाया या एका न लिहिलेल्या वाक्यानं करपल्या असतील.

सरसकट नावं ठेवणं बरं नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं. त्या काळी शेर गावागणिक वेगळा, लिहिणाऱ्यानं तरी काय करावं? १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघरी गेलं. हिशेबनीस म्हणून मी त्या बाईंना मानतो.

पण माझा मुख्य ग्रंथ वेगळाच होता. बँकेच्या फुकट मिळालेल्या डायरीत आईनं लिहून ठेवलेला. पान तुपकट. मजकूर असा: ‘तूप १ वाटी, पिठीसाखर १ वाटी, काजू-बदाम अर्धी, सोडा चिमूट, वेलची. मैदा मावेल तेवढा.’ संपलं.

मावेल तेवढा! असं व्हाउचर माझ्यापुढं आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. पण हे कुठं पाठवणार? आई जाऊन दोन वर्षं झाली होती. लहानपणी तिच्यामागून डबे धरून बेकरीच्या रांगेत उभा राहायचो, आमच्या नावाच्या चिठ्ठीचा ट्रे दुसऱ्याला जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा करायचो. परातीत काय चाललंय ते मात्र कधी पाहिलं नाही.

मी दोन वाट्या मैदा घातला. ओव्हनमध्ये सगळ्या नानकटाया एकमेकींत मिसळून ट्रेच्या आकाराची एकच नानकटाई झाली. मी दोष वाटीला दिला. आईची वाटी कानाशी चेपलेली, स्टीलची. भांड्यांच्या वाटणीत ती धाकट्याकडे नाशिकला गेली. त्या वाटणीत आणखीही काही काही बोललं गेलं, आणि तेव्हापासून आमचा फोन नाही.

“अहो,” सौ. म्हणाली, “सगळं एकाच वाटीनं मोजायचं तर वाटी कुठलीही चालेल ना?”

वीस वर्षं प्रमाणांत गेलेल्या माणसाकडे याला उत्तर नव्हतं. तरी मी फोन केला.

वाटीचं विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वाटीचं काय घेऊन बसलास, दादा? मैदा तूप ओढेल तेवढा घालायचा. आपल्या दिवाळीत कधी उकडतं, तूप सैल असतं, जास्त ओढतं. थंडीत कमी. गोळा हाताला चिकटायचा थांबला आणि दाबल्यावर कडेला बारीक चीर पडली की बास. मी शेजारी बसायचो ना. तू रांगेत असायचास.”

म्हणजे डायरीतला मजकूर बिनचूक होता. आकडा घातला असता तर तो दर वर्षी खोटा ठरला असता. लेखिकेची चूक एवढीच, की चिरेचं वाक्य तिनं कागदावर न लिहिता परातीशेजारी बसलेल्याला सांगितलं. समीक्षक म्हणून मला ही त्रुटी नोंदवावीच लागेल.

“वाटी घेऊन शनिवारी येतो,” तो म्हणाला.

“वाटीचा खरं तर संबंध नाही. एकाच मापानं घेतलं की प्रमाण—”

“माहीत आहे मला. कुठल्या गाडीनं येऊ ते सांग.”