घर सुटलेल्यांची पंगत

माटुंग्याला मध्य रेल्वेच्या स्थानकातून पूर्वेला बाहेर पडलं की अगदी जवळच, मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. पाटीवरचा 'बोर्डिंग' हा शब्द मला फार जवळचा वाटतो. १९४२ साली हे सुरू झालं तेव्हा माटुंग्यात दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांची वस्ती वाढत होती. गावी आई होती, इथे एक खोली होती आणि खोलीत चूल नव्हती. अशा माणसाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय म्हणजे बोर्डिंग. तिथे कोणी चैन करायला जात नसे, जेवायला जात असे. म्हणून त्या पानाची मांडणी आजही घरच्या जेवणाची आहे.

केळीचं पान समोर येतं. त्यावर पाणी शिंपडून हातानं पुसायचं, की वाढप सुरू. आपल्या मराठी पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडून येतात आणि भाजी उजवीकडे बसते. मध्ये भाताची मूद. इथली घडी वेगळी असली तरी शिस्त तीच. भात आला की सांबार येतं. या सांबारात गूळ असतो, पण जेवणाऱ्याला तो गूळ म्हणून लागत नाही. चिंचेची धार बोथट करून तो बाजूला होतो. आपल्या आमटीत गूळ आणि आमसूल हेच काम करतात, पण तिथे शेवटचा शब्द गोड्या मसाल्याचा असतो. इथे तो धणे आणि खोबऱ्याचा आहे. दोन्ही ठिकाणी डाळ एकच, तरी पहिल्या घासाला कळतं की आपण सह्याद्रीच्या कुठल्या टोकाला बसलो आहोत.

मग येतं रसम. कन्नड माणूस त्याला 'सारु' म्हणतो, आणि आपल्याही घरात टोमॅटोचं, कटाचं सार असतंच. रसम अंगानं पातळ, आणि केळीच्या पानाला कड नसते. भाताचं आळं करून त्यात ते ओतून घ्यायचं आणि बांध फुटायच्या आत कालवायचं. इथे चमचा निरुपयोगी आहे. बोटांना भाताचा आणि रसाचा अंदाज यावा लागतो. मिरी आणि हिंग आधी नाकाशी भिडतात, जिभेवर आंबटपणा नंतर उतरतो आणि घसा सगळ्यात शेवटी गरम होतो. तीन घासांत संपणारा हा भात मला मुंबईतल्या कुठल्याही महागड्या जेवणाहून भारी वाटतो.

मुंबईत खूप वर्षं फिरून खाल्ल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. या शहरातल्या उत्तम जेवणाच्या जागा बहुतेक अशाच जन्मल्या. घर सुटलेल्यांनी घर सुटलेल्यांसाठी चूल पेटवली, आणि नंतर तिचा वास लागून बाकीचे आले. जुन्या पाट्या वाचत गेलं तर हे उलगडत जातं. काळबादेवीला 'भोजनालय' आहे, कारण तिथे कापडबाजारात एकटा राहणारा गुजराती माणूस जेवायचा. १९४५ चं ठाकर भोजनालय आजही त्याच मायेनं फुलके वाढतं. फोर्टात 'लंच होम' आहे, कारण तिथे बँकेतली आणि कचेरीतली माणसं दुपारच्या सुट्टीत यायची. आणि गिरणगावात खाणावळ होती. तिला तर पाटीही नव्हती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना खोल्याखोल्यांतून बायका रांधून घालत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मुंबईच्या चवीचा इतिहास लिहिताना पहिलं पान या बायकांना दिलं पाहिजे. ते अजून कोणी नीट दिलेलं नाही, याची मला खंत आहे.

लंच होममधली कालवणं तर जोडीनं वाचण्यासारखी आहेत. एका दुपारी दादरच्या 'सिंधुदुर्ग'मध्ये किंवा वांद्रे पूर्वेच्या गांधीनगरातल्या 'हायवे गोमंतक'मध्ये जेवावं आणि दुसऱ्या दुपारी फोर्टातल्या 'महेश लंच होम'मध्ये. 'महेश' १९७७ चं, मंगळुरी वळणाचं. समुद्र एकच, नारळ एकच, मासाही कदाचित एकाच बंदरातला. फरक आंबटात आहे. आपल्याकडे सोलं, त्यांच्याकडे चिंच. सोलांचा आंबटपणा मागे राहून माशाला पुढे करतो, म्हणून बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाचा तो जिभेला किंचित बधिर करणारा वास स्वच्छ ऐकू येतो. मंगळुरी गस्सीत चिंच भाजलेल्या खोबऱ्यात आणि ब्याडगी मिरचीत मुरते, सगळं मिळून दाट, तांबूस, जड होतं. म्हणून तिच्याबरोबर नीर डोसा हवा. तांदळाचा तो ओला, जाळीदार, जवळपास बेचव पापुद्रा गस्सीला मोकळी जागा देतो. आणि आपल्या जेवणाचा शेवट सोलकढीनं. नारळाच्या दुधात तोच आंबटपणा पुन्हा येतो, पण थंड होऊन. तिखल्यानं जे तापवलं ते सोलकढी निववते. असं आपलं आपल्यातच पूर्ण होणारं जेवण मला दुसरं ठाऊक नाही.

बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' १९२३ चं. इराणी माणसाचं हॉटेल, सुरुवातीला साहेबांच्या आवडीचं सौम्य जेवण वाढणारं. दुसऱ्या महायुद्धात जागा लष्करानं घेतली, नंतर परत मिळाली. आज लोक तिथे बेरी पुलावासाठी जातात, आणि तो या घराण्यात आला मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीमुळे. त्या तेहरानमध्ये काम करत असताना तिथला झेरेश्क घातलेला भात त्यांनी पाहिला होता. इराणात तो भात शांत असतो. केशर, लोणी, कोंबडी आणि ती इवलीशी लालभडक आंबट फळं. मुंबईत येताना त्या बाईंनी त्याला मसाल्यात उतरवला. भाताखाली तिखट रस्सा दडवला, वर तळलेला कांदा आणि काजू पेरले, फळं मात्र इराणचीच ठेवली.

हा पुलाव खाताना माझं लक्ष त्या फळावर असतं. डाळिंबाच्या दाण्यापेक्षा बारीक, सुकवलेलं, पण दाताखाली आलं की आंबटाचा एक ठिपका फुटतो. दर घासात तो मिळेलच असं नाही. त्याची वाट पाहावी लागते, आणि त्या वाट पाहण्यातच या पुलावाची गंमत आहे. खालच्या रश्श्याची सवय होऊन जीभ सुस्तावते, तेवढ्यात एक फळ तिला जागं करतं. सोबत पालनजींचा रास्पबेरी सोडा आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. बोमनजी २०१९ साली गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. टेबलाटेबलाशी येऊन ते गिऱ्हाइकाला काय मागवावं ते सांगत. कुठल्या खाणाऱ्याला काय रुचेल, हे ओळखणारा माणूस दाराशी असणं ही चवीचीच एक बाजू आहे.

भेंडीबाजारात आणि बोहरी मोहल्ल्यात जायचं तर भल्या सकाळी जावं. निहारी या शब्दात 'नहार' आहे, अरबीत नहार म्हणजे दिवस, सकाळ. रात्रभर शिजलेलं मांस उजाडताना खायचं, म्हणजे अंगमेहनतीच्या माणसाला दुपारपर्यंत चिंता नाही. १९२३ च्या 'नूर मोहम्मदी'त नळी निहारी मिळते. मकबूल फिदा हुसेन यांनी त्या हॉटेलासाठी चित्र काढून दिलं होतं. पण मन माझं ओढतं ते बारा हांडीकडे. एका लांब भट्टीत हांड्या गळ्यापर्यंत बसवलेल्या, प्रत्येकीत वेगळा भाग मंद आचेवर. एकीत पाया, एकीत नळी, एकीत पिचोटा म्हणजे शेपूट, एकीत भेजा. जाणता गिऱ्हाईक नुसता 'एक प्लेट' म्हणत नाही. यातलं इतकं, त्यातलं तितकं, वरून त्या हांडीचा रस्सा, असं सांगतो, आणि पळीवाला एकेका हांडीतून त्याची थाळी जुळवतो. रस्सा ओठांना चिकटतो. ही चिकटाई पायाची, रात्रभराच्या आचेची. तिथे पीठ किंवा काजूची पेस्ट घालून काम भागत नाही. खमिरी रोटी त्यात बुडवली की तिच्या आंबूसपणानं चरबीचा जडपणा कापला जातो. स्वस्त भागांना वेळ देऊन श्रीमंत करण्याची ही कला मोठी आहे. त्याच मोहल्ल्यात १८८७ पासूनचं 'ताज आइस्क्रीम' आहे, बर्फ-मीठ घालून हातानं संचा फिरवणारं. मे महिन्यात अंगणात पॉट फिरवलेल्या मराठी माणसाला त्या आइस्क्रीमचा दाणेदारपणा ओळखीचा वाटेल.

ताडदेवचं 'स्वाती स्नॅक्स' १९६३ मध्ये मीनाक्षी झवेरी यांनी सुरू केलं. तिथली पानकी मी मुद्दाम मराठी मित्रांना खाऊ घालतो. केळीच्या दोन पानांमध्ये तांदळाच्या पिठाचा पातळ थर, तव्यावर शिजवलेला. पान सोलायचं. पानाच्या शिरा पिठावर उमटलेल्या असतात. आत आलं, मिरची, दह्याचा हलका आंबटपणा आणि शेकल्या केळीच्या पानाचा वास. तो वास हाच या पदार्थाचा मसाला. आमच्या कोकणातल्या पानगीची ही सख्खी बहीण. आपली गूळ-काकडी घेऊन थोडी जाड झाली, ती हिरवी चटणी घेऊन बारीक राहिली. फरक इतकाच की तिला कोणीतरी टेबल मांडून दिलं आणि आपली पानगी अजून आजीच्या स्वयंपाकघरातच आहे.

कधी पदार्थाचं नाव एक सांगतं आणि चव दुसरंच. 'कोळीवाडा' कोळंबी कोळणींच्या चुलीवरची नाही. शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर निर्वासित पंजाबी येऊन राहिले, त्यांच्या कढईतली ती आहे. बेसनात ओवा असतो, आणि तो ओवा सरळ अमृतसरच्या तळलेल्या माशाकडे बोट दाखवतो. चिकन मंचुरियनचंही तसंच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, सोया सॉस तिकडचा. मला तो पदार्थ फारसा रुचत नाही, कॉर्नफ्लॉवर सगळ्यांची तोंडं बंद करतं. पण तो इथलाच आहे, हे मान्य करायला हवं.

हल्ली एकाच ठिकाणी डोसा, पिझ्झा, मंचुरियन, थाळी सगळं मिळतं. तिथे मी जाईनासा झालो आहे. तिथे कोणाचंच घर हरवलेलं नसतं, त्यामुळे ते शोधण्याची धडपडही चवीत नसते.

माटुंग्याच्या पानावर शेवटी दहीभात येतो. तोवर सांबार, रसम, भाज्यांचे ओघळ सगळे एकमेकांत मिसळलेले असतात, आणि दही त्या सगळ्यावरून पांढरा हात फिरवतं. मुंबईत पाहुणा आला आणि त्याच्याकडे एकच दुपार असली तर मी त्याला दुसरीकडे कुठेही नेत नाही. तुम्हीही जा. रांग असेल, थांबा. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागेल, घ्या. आणि रसम आलं की चमचा बाजूला ठेवा.