काल्पनिक युद्धयानाच्या पिढ्या : तेरच्या वास्तूवरून सुचलेला एक समीक्षानिकष

प्रस्तावना
विज्ञानकथेतील यंत्राची समीक्षा बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबते : असे यंत्र शक्य आहे काय? प्रस्तुत लेखात दुसरा प्रश्न विचारला आहे : या यंत्राला पूर्वज आहेत काय? काल्पनिक अवकाश-युद्धयान विश्वसनीय ठरते ते वेगामुळे नव्हे, तर त्याच्या घडणीत उरलेल्या मागील पिढीच्या खुणांमुळे, असे येथे प्रतिपादन आहे.

तेरचा निकष
हा निकष तेर (जि. धाराशिव) येथील त्रिविक्रम मंदिरावरून सुचतो. विटांची ही वास्तू मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून तिचे छत गजपृष्ठाकार आहे. ती मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. लाकडी वास्तूचा हा आकार कार्ले येथे कातळात उतरला, तेव्हा छताखाली लाकडी फासळ्या बसविल्या गेल्या. कातळाला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. तेरला तोच आकार विटांत आला, पुढे सपाट छताचा मंडप जोडला गेला. साहित्य बदलले, उपयोग बदलला. आकाराची स्मृती टिकली.

एक्स-विंगच्या दोन पिढ्या
'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटातील टी-६५ एक्स-विंग यानाला चार गोल इंजिने आहेत. हल्ल्याच्या वेळी पंख उघडून फुलीचा आकार होतो. 'द फोर्स अवेकन्स' (२०१५) मधील टी-७० यानात इंजिने अर्धवर्तुळाकार होतात आणि पंख मिटले की दोन अर्धांचे एक वर्तुळ बनते. फुली कायम, सांधा नवा : वंशसातत्य स्पष्ट आहे. बदल अल्प असणे हाही दोष नव्हे. नाशिकजवळील ओझर येथे मिग-२१ विमानाच्या अनेक आवृत्त्या बांधल्या गेल्या आणि १९६३ ते २०२५ या काळात वायुदलाने ते नाव सोडले नाही. उणीव अन्यत्र आहे. कोणत्या पराभवाने वा टंचाईने हा बदल घडविला, हे चित्रपट सांगत नाही. रूपाला वंश आहे, कारण नाही.

मराठी विज्ञानकथा
डॉ. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत हे कारण हाती लागते. लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून घडलेला यंत्रमानव स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करू पाहतो. पुढील पिढी कोणी घडवावी, हाच तेथे संघर्ष होतो. बटू वामनाचा त्रिविक्रम होतो, ही तेरच्या गाभाऱ्यातील कथा शीर्षकामागे उभी आहेच.

निष्कर्ष
चित्रपटाने आकाराचा वंश दाखविला, कादंबरीने वंशवृद्धीचे भय दाखविले. या दोहोंचा मेळ घालणारे यान मराठी लेखकाने कल्पावे. त्यासाठी आदर्श परदेशातच शोधावा लागेल असे नाही. तेरच्या विटाही पुरेशा आहेत.