ओझरचे मिग, पडद्यावरचे मिग

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. १९६३ मध्ये याच चंडीगडला ते २८ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले होते. बासष्ट वर्षांच्या या सेवेत नाशिकचा वाटा मोठा आहे. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला तो याच विमानासाठी. एफएल, एम आणि बिस असे तीन प्रकार मिळून सहाशेहून अधिक मिग-२१ येथे तयार झाली. इंजिने ओडिशातील कोरापुटहून येत, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादहून. सांगाडा आणि जुळणी ओझरची.

आता ही विमाने चबुतऱ्यांवर आणि संग्रहालयांत उभी राहतील. त्यांचे पंख, नाकाचा शंकू, शेपूट सारे पाहता येईल. ते हवेत वागत कसे होते, हे मात्र चबुतऱ्यावरून कळत नाही. ते वैमानिकांच्या आठवणीत आहे, उड्डाणपुस्तिकांत आहे, आणि गेल्या दशकभरापासून आणखी एका ठिकाणी आहे: घरच्या संगणकावर चालणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये. या तिसऱ्या साधनावर अभ्यासकाने कितपत विश्वास ठेवावा, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

साधनाची ओळख

‘डीसीएस वर्ल्ड’ हा ईगल डायनॅमिक्स या कंपनीचा सिम्युलेटर आहे. मूळ कार्यक्रम फुकट मिळतो. त्यात उडवायची बहुतेक विमाने ॲड-ऑन म्हणून वेगळी विकत घ्यावी लागतात. मिग-२१ बिसचे ॲड-ऑन सप्टेंबर २०१४ मध्ये बाजारात आले. ते लेदरनेक सिम्युलेशन्सने तयार केले; आता मॅग्निट्यूड थ्री ही संस्था ते सांभाळते. त्यावर भारतीय रंगसंगती चढवता येते, परंतु उडायला भारताचा नकाशा नाही. म्हणजे तिरंगी वर्तुळाचे मिग घेऊन आपण कॉकेशसच्या डोंगरांवर फिरतो. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. यातला प्रकार ‘बिस’ आहे, म्हणजे ओझरला शेवटी बनलेला. यांपैकीच सव्वाशे विमाने पुढे सुधारून ‘बायसन’ झाली. बायसनची आधुनिक उपकरणे येथे नाहीत; येथे जुने घड्याळी तबकड्यांचे कॉकपिट आहे.

अशा ॲड-ऑनचे कौतुक बहुधा चित्रावरून होते: कॉकपिटमधला उडालेला रंग, काचेवरचे ओरखडे, दाबता येणारी बटणे. मला ही कसोटी दुय्यम वाटते. खऱ्या विमानात जी चूक महागात पडते, ती येथेही महागात पडते का, आणि त्याच कारणाने पडते का, ही खरी कसोटी. त्या दृष्टीने हे ॲड-ऑन तपासू.

जमिनीवर आणि हवेत

पहिला धडा धावपट्टीकडे जातानाच मिळतो. मिग-२१ चे पुढचे चाक वैमानिकाला वळवता येत नाही. ते मोकळे फिरते. ब्रेकची पकड दांड्यावर असते, सायकलच्या ब्रेकसारखी. ती दाबायची आणि पायातल्या पेडलने ठरवायचे की जोर डाव्या चाकावर जावा की उजव्या. ब्रेक चालतात बाटल्यांत साठवलेल्या दाबाच्या हवेवर, म्हणून उगाच दाबत राहणे परवडत नाही. ॲड-ऑनमध्ये हे सारे जसेच्या तसे आहे. नवखा माणूस पहिल्या दिवशी गवतात जातो, आणि त्यात अन्याय काही नाही.

इंधनाची तबकडी ही दुसरी परीक्षा. ती टाकीतले इंधन मोजत नाही. उड्डाणापूर्वी वैमानिकाने स्वतः आकडा लावायचा आणि पुढे खर्च झालेले इंधन त्यातून वजा होत जाते. आकडा चुकीचा लावला तर तबकडी शेवटपर्यंत प्रामाणिकपणे खोटे सांगत राहते. ॲड-ऑन बनवणाऱ्यांनी ही गैरसोय काढून टाकली असती तर खेळाडू खूश झाले असते. त्यांनी ती ठेवली, आणि टीकाकाराने याची नोंद घेतली पाहिजे.

खरी कसोटी उतरताना लागते. या विमानाचे पंख त्रिकोणी आणि लहान: दोन टोकांमधले अंतर ७.१५ मीटर, क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस मीटर. असा पंख ध्वनीच्या दुप्पट वेगाला उत्तम, पण सावकाश उडायला नाखूश. वेग कमी झाला की तरंगत राहण्यासाठी नाक अधिक वर करावे लागते, नाक वर केले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि विमान एकाएकी न कोसळता मुकाट्याने खाली बसू लागते. त्यावर उपाय म्हणून बिसमध्ये इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली हवा उघडलेल्या फ्लॅपवरून फुंकली जाते. या व्यवस्थेला रशियन आद्याक्षरांवरून एसपीएस म्हणतात. तिच्यामुळे उतरण्याचा वेग कमी होतो, पण एक अट येते: इंजिनाचे फेरे टिकले तरच ही हवा टिकते. धावपट्टी जवळ आली म्हणून सवयीने थ्रॉटल मागे ओढला, की जोर जातोच, शिवाय पंखाखालचा आधारही जातो. मग थ्रॉटल पुढे ढकलला तरी इंजिन फेरे धरायला वेळ घेते, आणि तेवढ्यात जमीन येते.

ही सगळी साखळी ॲड-ऑनमध्ये सापडते. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावपट्टीला टेकताना इंजिन चालते ठेवायचे, चाके टेकल्यावरच ते सोडायचे आणि ब्रेक पॅराशूट उघडायचे, हे नियम पुस्तकात वाचून पाठ होतात. त्यांचे कारण मात्र येथे दोन-चार वेळा आपटल्यावर कळते. माझ्या मते या ॲड-ऑनचे सर्वांत मोठे यश हेच आहे.

हातातला दांडा

विंटेज लढाऊ विमानांच्या ॲड-ऑनवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. स्पिटफायरसारख्या विमानात दांडा आणि पंखावरचे पडदे तारांनी थेट जोडलेले असत. वेग वाढला की हवेचा दाब हातावर येई आणि दांडा जड होई. घरच्या जॉयस्टिकमध्ये एक स्प्रिंग असते. तिला वेगाशी देणेघेणे नसते. त्यामुळे त्या विमानाची हाताला कळणारी भाषाच पडद्यावर हरवते.

मिग-२१ ला हा आक्षेप निम्माच लागू पडतो. त्याचे आडवे शेपूट आणि एलेरॉन हायड्रॉलिक बूस्टर हलवतात. हवेचा दाब वैमानिकाच्या हातापर्यंत पोहोचतच नाही. हाताला जो ताण जाणवतो तो मुद्दाम बसवलेल्या स्प्रिंगचा. वेग आणि उंची पाहून दांड्याच्या हालचालीला शेपटाने किती प्रतिसाद द्यावा, हे एआरयू नावाचे स्वयंचलित यंत्र ठरवते. म्हणजे खऱ्या कॉकपिटमध्येही दांड्याची भाषा अनुवादितच होती. म्हणून टेबलावरच्या साध्या जॉयस्टिकने मिग जितके खरे वाटते, तितके त्याच्याहून जुने विमान वाटत नाही. रडरला मात्र बूस्टर नाही. तिथे पायांना लागणारा खरा जोर आपल्याला मिळत नाही. अंगावर येणारा गुरुत्वाचा भार तर नाहीच.

पाठभेदांचा प्रश्न

२०१४ पासून या ॲड-ऑनमध्ये अनेक बदल झाले आणि त्यात विमानाचे वागणेही बदलले. कमी वेगात नाक वर धरून ते फार सहज वळते, अशी तक्रार जाणते खेळाडू करत आले आहेत. सुधारणा झाली की जुनी आवृत्ती पुसली जाते. ज्ञानेश्वरीच्या दोन प्रतींत पाठभेद असले तर दोन्ही प्रती समोर ठेवून तुलना तरी करता येते. येथे नवी प्रत जुनीवरच लिहिली जाते. तेव्हा सिम्युलेटरचा दाखला देणाऱ्याने आवृत्ती आणि तारीख नोंदवावी. हा संशोधनाचा साधा शिरस्ता आहे. सिम्युलेटरवर लिहिणाऱ्यांत तो अजून रुळलेला नाही.

जे पडद्यावर नाही

मिग-२१ चे नाव निघाले की ‘उडती शवपेटी’ हे शब्दही निघतात. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मिग-२१ अपघातात मृत्यू झाला. ठपका वैमानिकावर ठेवला गेला. त्यांच्या आई, पुण्याच्या कविता गाडगीळ, यांनी त्याविरुद्ध उघडपणे लढा दिला. वैमानिक चुकला की विमान, हा प्रश्न महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला तो या लढ्यामुळे.

सिम्युलेटरवर रात्री दहा वेळा सुखरूप उतरलेला हौशी माणूस सहज म्हणून जातो की विमान तर चांगले आहे, चुकले असतील ते वैमानिकच. हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार हे साधन देत नाही. कारण पडद्यावरचे प्रत्येक मिग त्याच दिवशी कारखान्यातून आलेले असते. त्याला वय नाही, आधीच्या दुरुस्त्या नाहीत, बदललेले सुटे भाग नाहीत. बिघाड लावण्याची सोय आहे: कोणता बिघाड, किती शक्यतेने, कोणत्या वेळेत, हे आधी ठरवता येते. पण तो फासा झाला. खऱ्या विमानाचा बिघाड त्याच्या इतिहासातून येतो.

दुसरी उणीव माणसाच्या बाजूची. आपल्या हवाई दलासाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली; हॉक प्रत्यक्ष दाखल झाले २००८ मध्ये. मधल्या पाव शतकात कोवळे वैमानिक तुलनेने संथ विमानांवरून वर वर्णन केलेल्या त्या उतरण्याकडे येत होते. घरी खुर्चीत बसलेल्याला पंधरावा प्रयत्न फुकट असतो. त्यांना पहिलाच प्रयत्न साधावा लागे.

तेव्हा निकाल असा. मिग-२१ बिस कसे हाताळावे लागे आणि ते अवघड का होते, हे समजून घेण्यासाठी हे ॲड-ऑन विश्वासार्ह साधन आहे. छापील वर्णनांपेक्षा अधिक समजावते. एखादे विशिष्ट विमान का पडले, हे सांगण्याच्या कामी ते निरुपयोगी आहे. ते उत्तर कारखान्याच्या आणि दुरुस्तीच्या नोंदींत असते, आणि ते काम केलेल्या हातांच्या आठवणींत. असे हात ओझरला आहेत: कारखान्यातले आणि तिथल्याच हवाई दलाच्या ११ बेस रिपेअर डेपोतले. एफएलच्या काळात लागलेले कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. रिव्हेट कुठे हट्टाने बसत नसे, तपासणीत कोणता भाग पुन्हापुन्हा परत येई, हे त्यांच्याकडून मराठीत ध्वनिमुद्रित करून ठेवणे नाशिकच्या कोणत्याही ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला जमण्याजोगे आहे. विमानाचे उडणे परदेशातल्या हौशी लोकांनी जपले. त्याचे घडणे आणि दुरुस्त होणे जपण्याचे काम नाशिकचे आहे, आणि त्याला फार वर्षे उरलेली नाहीत.