'अ थाउजंड एकर्स' : शेतकरी कुटुंब, जमीन आणि मौन

प्रस्तावना

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेतकरी म्हणजे कष्टाळू, मितभाषी व स्वावलंबी पुरुष, ही प्रतिमा तेथील लोकमानसात दीर्घकाळ रुजलेली आहे. हॅम्लिन गार्लंड यांच्या 'मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स' (१८९१) या कथासंग्रहाने तिला तडा दिला. जेन स्मायली यांची 'अ थाउजंड एकर्स' (१९९१) ही कादंबरी त्याही पुढे जाऊन या प्रतिमेची मुळेच तपासते. १९९२ साली पुलित्झर पारितोषिक लाभलेल्या या कादंबरीची चर्चा प्रामुख्याने शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची पुनर्रचना म्हणून झाली. प्रस्तुत लेखात शेतकरी कुटुंबाचे चित्रण म्हणून तिचा विचार करावयाचा आहे.

जमिनीची मालकी आणि कुटुंबाची रचना

कथानक १९७९ साली आयोवा राज्यात घडते. लॅरी कुक आपली हजार एकर जमीन एका कंपनीच्या रूपाने तिन्ही मुलींच्या नावे करण्याचे अचानक जाहीर करतो. वकील असलेली धाकटी कॅरोलाइन शंका व्यक्त करते आणि वाट्यातून वगळली जाते. जिनी व रोज या थोरल्या दोघी वडिलांच्या शब्दाबाहेर जात नाहीत. ही जमीन मुळात पाणथळ होती. पूर्वजांनी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या पुरून ती लागवडीस आणली. पुढे अडचणीत आलेल्या शेजाऱ्यांची शेतेही कुक घराण्याकडे आली. वरून सपाट व सुपीक दिसणाऱ्या शेताखाली सतत वाहणारे पाणी ही या कुटुंबाचीच प्रतिमा होय. लॅरीने आपल्या थोरल्या दोन्ही मुलींवर केलेला लैंगिक अत्याचार असाच पृष्ठभागाखाली दडलेला आहे. रोजला तो आठवतो, तर जिनीच्या स्मृतीत तो उशिरा जागा होतो.

शरीर आणि माती यांचा संबंध लेखिकेने विशेष सामर्थ्याने जोडला आहे. जिनीचे पाच गर्भपात झाले आहेत. पतीला त्यांपैकी तीनच ठाऊक आहेत. रोजला स्तनाचा कर्करोग आहे. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटचा उल्लेख जेस क्लार्क करतो, तेव्हा विक्रमी उत्पन्नाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न वाचकासमोर उभा राहतो.

निवेदनाचा दृष्टिकोन

'किंग लिअर'शी नाते सांगणारे वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' (१९७०) मराठी वाचकाच्या मनात आहेच. तेथे सर्वस्व वाटून टाकणाऱ्या पित्याचे दुःख केंद्रस्थानी असते. स्मायली निवेदन थोरल्या मुलीकडे सोपवितात आणि आपली सहानुभूती सवयीने कोठे जाते, याची जाणीव करून देतात. वादळात बाहेर पडलेल्या वृद्धाची कीव गावाला येते. स्वयंपाकघरात आयुष्य झिजविलेल्या मुलींकडे मात्र गाव संशयाने पाहते.

मर्यादा

कादंबरी निर्दोष नाही. जिनीने रोजसाठी विषारी सॉसेज तयार करणे हा प्रसंग पात्राच्या स्वभावापेक्षा शेक्सपिअरच्या कथानकाची गरज भागवितो. कॅरोलाइनचे अंतरंगही पुरेसे उलगडत नाही. अधिक गंभीर आक्षेप असा, की लॅरीच्या गुन्ह्याचे स्वरूप एवढे भीषण आहे की जमीन वाढविण्याच्या व्यवस्थेचा दोष एका व्यक्तीच्या विकृतीवर ढकलला जाण्याचा धोका निर्माण होतो. तथापि कर्ज काढून वराहपालनाचा विस्तार करू पाहणारा जिनीचा पती टाय हा दुष्ट नाही. तोही त्याच स्वप्नाचा बळी ठरतो. या पात्रामुळे वरील आक्षेपाची धार बरीच बोथट होते.

समारोप

अखेरीस शेत कर्जात जाते आणि विकले जाते. रोजच्या मृत्यूनंतर तिच्या दोन मुलींना जिनी सेंट पॉल शहरात सांभाळते. तिच्या वाट्याला वारसा म्हणून एकरभरही जमीन येत नाही. येते ती केवळ स्मृती आणि ती उच्चारण्याचे धैर्य. १९८० च्या दशकात अमेरिकेतील असंख्य शेतकरी कुटुंबे कर्जापायी उद्ध्वस्त झाली. त्या पडझडीचा आर्थिक इतिहास उपलब्ध आहे. परंतु घराच्या आत जे आधीच मोडलेले होते, त्याची नोंद ही कादंबरी करते. तिचे वाङ्मयीन महत्त्व यातच आहे.